नावापुढचं टिंब

११ जून २००१, सोमवार

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास मी ब्राह्मण झालो. त्यासाठी काही करावं लागलं नाही, नुसतं गप्प बसावं लागलं.

रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांच्या गल्लीतून एक अंधारा जिना वर जातो. वर गिरधारी सेठजींचं ऑफिस आहे. त्यांची सळयांची मिल शहराबाहेर उरल्याला, पण हिशेब, पत्रव्यवहार, माणसांची भरती हे सगळं इथून चालतं. सेठजींनी माझा अर्ज डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचला.

"प्रफुल्ल चांदेकर. महाराष्ट्रियन हो?"

"जी."

"कर लगा है, मतलब पंडित हो. बढ़िया. हमारे मुनीमजी भी आप ही लोगों में से हैं. तीस साल में एक पैसे की शिकायत नहीं."

मी तोंड उघडलं. देवाशपथ म्हणायची आमच्यात रीत नाही, पण खरंच उघडलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. भोपाळहून कोणी मोठा अधिकारी रायपूरला बदलून आला होता, त्याला घर पाहिजे होतं. सेठजी पाच मिनिटं बंगल्यांचे पत्ते सांगत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "कल से आ जाओ, पंडितजी." मी तोंड मिटलं.

त्यांचं तरी काय चुकलं? हिंदी माणसाला वाटतं, आडनावाच्या शेवटी कर असला की तो ब्राह्मणच. माझ्या आजोबांना आडनावच नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनी गावाच्या नावाला कर जोडला आणि बाबांच्या दाखल्यावर लिहून टाकला. आम्ही बौद्ध. छप्पन्न सालाच्या आधीचे महार. मराठी माणसाला हे दोन प्रश्नांत कळतं, सेठजींना दोनशे प्रश्नांतही कळणार नाही.

घरी आलो तर बाबा दारातच उभे. "लागली?" म्हणाले. मी मान हलवली. आईने साखर वाटली. तीन वर्षं शिकवण्या करून काढली, आता हे सगळं बिघडवायचा मला धीर झाला नाही. उद्या सांगेन सेठजींना.

१४ जून

नाही सांगितलं.

आज जुनी फाईल चाळत होतो. तहसीलदाराचं पत्र सापडलं. जातीचा दाखला पाहिजे तर १९५० च्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा द्या. बाबा रेल्वेत लागून रायपूरला आले त्रेसष्ट साली. महाराष्ट्रातून दाखला आणला तर इथले म्हणतात, तुमचं आरक्षण तिकडे. तिकडचे म्हणतात, तुम्ही जन्मापासून रायपूरचे. आता नवं राज्य झालं, नवी राजधानी झाली, नव्या पाट्या लागल्या, पत्र मात्र तेच आलं.

म्हणजे मी महार आहे हे मला सरकारला पटवून देता येत नाही आणि सेठजींपासून लपवून ठेवावं लागतं. हसू आलं खरं तर. मग भीती वाटली.

१८ जून

ज्याची भीती होती तो आज सुटीवरून परत आला. मुनीमजी. नाव दत्तोपंत. वय बासष्ट, ब्राह्मणपारा या मोहल्ल्यात राहतात, धोतर, काळी टोपी, जाड भिंगाचा चष्मा. माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "चांदेकर म्हणजे मूळचे कुठले?"

हा तो पहिला प्रश्न. मी म्हणालो, "वर्ध्याकडचे." का म्हणालो कोण जाणे, वर्ध्यात आमचं कुत्रंही नाही.

"तिकडं कोणाकडले?"

हा दुसरा. मी म्हणालो, "आजोबा लहानपणीच निघून आले. आम्हाला फारसं माहीत नाही."

"हो का," म्हणाले आणि पुन्हा चहा प्यायला लागले. माझ्या हातातली फाईल ओली झाली होती, घामाने. दिवसभर ते माझ्याकडे पाहत होते की भिंतीवरच्या घड्याळाकडे, हे मला समजलं नाही. घड्याळ माझ्या डोक्यावरच आहे.

१९ जून

त्यांना कळलं असेल का?

१६ जुलै, सोमवार

उरल्याला सेठजींचा नवा युनिट सुरू होतो आहे. सुपरवायझर, स्टोअरकीपर, डिस्पॅच क्लार्क, अशी अठरा माणसं घ्यायची आहेत. अर्ज आले दोनशेच्या वर. सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावून पंख्याखाली बसवलं, लस्सी मागवली. मला वाटलं, पास झालो. लस्सी संपेपर्यंत कळलं की परीक्षा आत्ता सुरू होते आहे.

"देखो पंडितजी, मशीन तो कोई भी सीख लेता है. मुझे अच्छे घर के लड़के चाहिए. अपनी तरफ के नाम तो मैं पढ़ते ही समझ जाता हूँ. ये मराठी नाम मेरे पल्ले नहीं पड़ते. वासनिक, रामटेके, बोरकर, मोहरील, सब एक जैसे लगते हैं. मुनीमजी की नज़र कमज़ोर हो गई है. आप बस पेंसिल से निशान लगा दो. जो अपने काम के नहीं, उनके आगे एक बिंदी."

वाईट माणूस नाहीत ते. माझ्यासाठी लस्सीत मलई जास्त घालायला सांगितली होती. भट्टीवर हेल्पर घेताना ते कोणाचंही आडनाव विचारत नाहीत, ठेकेदार ट्रक भरून माणसं आणतो आणि ती कामाला लागतात. आडनाव विचारलं जातं ते पंख्याखालच्या जागांसाठी.

सव्वीस मराठी नावं होती. मी यादी घेऊन टेबलाशी आलो. समोर दत्तोपंत. एकही टिंब दिलं नाही आणि त्यांनी यादी पाहिली तर? वासनिक आणि रामटेके कोण, हे त्यांना चष्म्याशिवायही कळेल. मग ते विचारतील, चांदेकर, तुम्हाला कसं नाही कळलं? आणि तिसरा प्रश्न विचारायची त्यांना गरज पडणार नाही.

मी नऊ टिंबं दिली. अगदी लहान.

१७ जुलै

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "काहून जेवून नाही राहिला बापा? सेठानं काही म्हटलं का?" मी म्हणालो, कामाचा ताण आहे. नऊपैकी कोणालाही मी ओळखत नाही. त्यांना दुसरीकडे लागेलच काहीतरी. रायपुरात आता कामाची कमी नाही असं सगळे म्हणतात.

४ ऑगस्ट

आज जीव जाता जाता राहिला. सुटीच्या दिवशी सकाळी दाढी करत होतो, तर मोनाली, माझी धाकटी बहीण, धावत आली. "भैया, आपके ऑफिस की जीप आई है, ड्राइवर नाम पूछ रहा है." ही पोट्टी घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते.

आमच्या पुढच्या खोलीत शिरलं की समोर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्ध, खाली निळा झेंडा. दार कायम उघडं. मी अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत पळालो. ड्रायव्हर रामकृष्ण घरी यायलाच निघाला होता. मी त्याला हाताने थोपवलं, घरात रंगकाम चालू आहे म्हणून सांगितलं. त्याच्या हातात सेठजींनी पाठवलेला राखीच्या मिठाईचा डबा होता.

"पंडितजी, आप इस पारे में रहते हो?" तो इकडेतिकडे पाहत म्हणाला.

"किराये से," मी म्हणालो. "राजधानी बनने के बाद किराया कितना बढ़ गया है, तुम्हें तो पता ही है."

परत आलो तेव्हा बाबा ओट्यावर उभे होते. सगळं बघितलं असणार. त्यांनी हे घर रेल्वेची चाकरी करता करता स्वतः विटा वाहून बांधलं आहे.  "साबण वाळला तुझा," एवढंच म्हणाले.

६ सप्टेंबर, गुरुवार

पाचावर धारण बसली आहे. सेठजींच्या वडिलांचं श्राद्ध रविवारी आहे. दरवर्षी अकरा ब्राह्मण जेवायला बसतात. या वर्षी एक म्हातारे पंडित वारले, एक जागा रिकामी आहे.

"पंडितजी, इस बार आप बैठोगे. बाबूजी की आत्मा को अच्छा लगेगा, पढ़ा-लिखा ब्राह्मण."

मी पोट बिघडलंय म्हणालो. ते म्हणाले, अजून तीन दिवस आहेत. मी घरी काम आहे म्हणालो. ते म्हणाले, जीप पाठवतो. जीप म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.

८ सप्टेंबर

पूजेच्या सामानाच्या दुकानातून जानवं घेतलं. दुकानदाराला म्हणालो, शेजाऱ्यांसाठी पाहिजे. त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

ऑफिसच्या संडासात दाराला कडी लावून घालून बघितलं. उजव्या खांद्यावर घालायचं की डाव्या? रस्त्यावर, देवळात, आयुष्यभर शेकडो बघितली, पण खांदा कोणता याकडे कधी लक्ष दिलं नाही. घरात आणायचा प्रश्नच नाही. बाबा सोळा वर्षांचे असताना आजोबांबरोबर नागपूरला दीक्षेला गेले होते. आजोबांनी चालत जाऊन जे सोडलं आणि जे आमच्याकडे कधी नव्हतंच, ते मी गोल बाजारातून विकत आणलं. टेबलाच्या खणात पंचिंग मशीनखाली ठेवलं आहे.

९ सप्टेंबर, रविवार



आधी ऑफिसात जाऊन जानवं घातलं, मग सेठजींच्या घरी मागच्या अंगणात नळावर हातपाय धुवायला गेलो. सगळ्यांनी सदरे काढले होते. मीही काढला. शेजारी दत्तोपंत पाय धूत होते. त्यांनी मान वर न करता, पाण्याच्या आवाजात, मराठीत म्हटलं, "डाव्या खांद्यावरून."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. आजूबाजूला कोणी बघत नव्हतं, मी झटक्यात जानवं बदललं.  ते धोतर सावरून निघूनही गेले.

पंगतीत माझी जागा त्यांच्या शेजारी. त्यांनीच बहुतेक तशी करून घेतली, म्हणजे माझ्यावर नजर ठेवता येईल. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं की मी फिरवायचो. त्यांनी घास बाहेर काढून ठेवले की मी ठेवायचो. खीर, पुरी, कद्दूची भाजी. चव कशी होती विचाराल तर सांगता येणार नाही. मग सेठजी आले. साठीचा माणूस, एवढ्या मिलचा मालक, गुडघे टेकून खाली बसला आणि त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, बापाच्या आठवणीने. मला पाय मागे घ्यावेसे वाटले आणि मी घेतले नाहीत. आयुष्यात इतकी लाज आणि इतकी भीती एकाच वेळी मला कधी वाटली नव्हती.

बाहेर पडल्यावर दत्तोपंतांनी मला फाटकापाशी थांबवलं. म्हणाले, "चांदेकर, आज आपण एका पंगतीत जेवलो. आता हे दोघांनीही लक्षात ठेवायचं."

सरळ सरळ धमकी आहे. आता हा माणूस मला आयुष्यभर मुठीत ठेवणार. काय मागेल कोणास ठाऊक. पैसे तर माझ्याकडे नाहीत.

दक्षिणेचं पाकीट विहाराच्या दानपेटीत टाकलं. आईने विचारलं, कुठे जेवून आलास? मी म्हणालो, ऑफिसात पार्टी होती.

१५ सप्टेंबर

गौतम मेश्राम आला होता. दोन घरं सोडून राहतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मॅट्रिकला गणितात मी पास झालो तो त्याच्यामुळे. पॉलिटेक्निकचा धातुकामाचा डिप्लोमा, पहिला वर्ग. दाखल्याचं पत्र त्यालाही तेच आलं, तेव्हा तो ठेकेदाराच्या ट्रकमधून उरल्याला गेला. चार वर्षं आमच्याच सेठजींच्या मिलमध्ये भट्टीवर हेल्पर आहे. याच कारणाने मी उरल्याला जायचं टाळतो, धुळीने खोकला होतो असं सेठजींना सांगून ठेवलंय.

"भट्टीचा सुपरवायझर सोडून गेला ना," गौतम म्हणाला. "नवा येईन तं त्याले काम मलेच शिकवा लागते. म्हणून म्हटलं, मीच भरतो फारम. तू हायेस न तिथं."

त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग आहेत. मी अर्ज घेतला. त्याला म्हणालो, "गौतम, काही विचारलं तर जास्त सांगू नको. मराठी आहे म्हण, बस."

"काहून? काय विचारते?"

"सेठ जुन्या वळणाचा आहे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "जय भीम," म्हणाला आणि गेला.

सुपरवायझरच्या यादीत या वेळी गौतम धरून सात मराठी नावं होती. बाकीच्या सहांपैकी तिघांपुढे टिंब दिलं. गौतमच्या नावापुढे दिलं नाही. माझ्या हातून एवढं तरी झालं.

२४ सप्टेंबर, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

गौतम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, बाह्या मनगटापर्यंत बंद. केबिनमध्ये सेठजी, मी कागद घेऊन बाजूला. भट्टीबद्दल सेठजींनी दोन गोष्टी विचारल्या, गौतमने पाच सांगितल्या. कुठे कोळसा वाया जातो, कोणत्या पाळीत सळई वाकडी येते आणि का येते. सेठजी खूश. माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, सुटलो, दोघंही सुटलो. तेवढ्यात चपराशी आत येऊन म्हणाला, "पंडितजी, बैंक से फोन है आपका." गौतमने चपराशाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी फोनला गेलो नाही. 

सेठजींनी फाईल मिटता मिटता सहज विचारलं, "मेश्राम. कौन लोग होते हैं?"

गौतमने मराठी आहे एवढंच म्हणायचं ठरलं होतं. तो म्हणाला, "बौद्ध हैं, साहब. पहले के महार."

 सेठजींचा चेहरा कडू झाला नाही, रागावलेलाही नाही. एखादी वस्तू दुसऱ्या दुकानची निघाली की होतो तसा झाला. मग ते माझ्याकडे वळले. "पंडितजी, ये आपसे कैसे छूट गया? जानते हो क्या इसको?"

 घर, आईची साखर, बाबांचा ओटा, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी काय म्हणालो असतो मला माहीत नाही. मी स्वतःला अजून विचारलेलं नाही. गौतमच म्हणाला, "नहीं साहब. पंडितजी हमको नहीं जानते. हम आज ही पहली बार मिल रहे हैं."

"अच्छा, अच्छा," सेठजी म्हणाले. "बेटा, काम तुम बढ़िया करते हो. भट्टी पर ही रहो. वहाँ तुम्हारी ज़रूरत है." आणि फाईल माझ्याकडे सरकवली. "लिख दो."

मी लिहिलं, 'उपयुक्त नहीं.' गौतम समोर उभा होता, त्याने मला लिहिताना पाहिलं.

२५ सप्टेंबर

माझं निभावलं. हेच वाक्य दिवसभर डोक्यात होतं आणि त्याने बरं वाटायला पाहिजे होतं.

२६ ऑक्टोबर, दसरा

बाबा दरवर्षी या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. या वर्षी मला रजा मागता आली नाही. काय कारण सांगणार? ते मला सोडून गेले नाहीत, इथल्याच विहारात गेले. मी ऑफिसातल्या पूजेचा नारळ फोडून संध्याकाळी विहारात गेलो, तेव्हा लोक पांगत होते. गौतम चटया गुंडाळत होता. महिनाभर मी त्याला टाळलं होतं.

मी चटईचं दुसरं टोक धरलं. मग सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. कर, श्राद्ध, खांदा. शेवटी पेन्सिल.

"टिंब म्हणजे?" त्याला समजेना.

मी समजावून सांगितलं.

"किती दिले?"

"बारा."

त्याने चटई खाली ठेवली. "मले वाटत होतं, तू भेला म्हणून बोलला नाही. भेणं समजते मले. मीबी भेतो. भट्टीचं दार उघडते तेव्हा रोज भेतो." मग त्याने चटईची दोरी आवळली. "पन तू तं लिहून देऊन राहिला. सेठाले वाचता येत नव्हतं, तू वाचून दाखवून राहिला."

मी म्हणालो, समोर दत्तोपंत बसतात, ते पकडतील. मला काढून टाकतील. बाबांची पेन्शन पुरत नाही, मोनालीचं कॉलेज आहे. हे सगळं खरं आहे आणि बोलताना ते मला सगळं खोटं वाटत होतं.

"मी तुले नोकरी सोड म्हनत नाही," गौतम म्हणाला. "सोडशीन तं तिथं दुसरा येईन, तो टिंब देईन. तू तिथंच राहा. हात लावू नको, बस."

"आणि पकडलो तर?"

"तं ये भट्टीवर. मी शिकवतो तुले."

तो हसला नाही. मीही नाही.

३० ऑक्टोबर, मंगळवार

नवी यादी आली. परवा राज्याला वर्ष पूर्ण होणार, सरकारी बांधकामं निघणार, सळयांची मागणी दुप्पट होणार. बारा जागा, एकतीस मराठी नावं. पहिल्या नजरेत मोजली, आमची चौदा. त्यात तीन मुली. एकीने अर्जाला फोटो लावला आहे, स्टुडिओतला, मागे काश्मीरचा पडदा.

सेठजी म्हणाले, "पंडितजी, इस बार मुनीमजी को भी दिखा देना. पिछली बार वो एक छूट गया था."

संपलं. रात्री वाटलं, आजारी पडावं. ताप यावा. तापसुद्धा आपल्याला पाहिजे तेव्हा येत नाही.

३१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पेन्सिल घरीच ठेवली. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

यादी दत्तोपंतांसमोर नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, कागद अगदी नाकाजवळ नेला. एकेका नावाखालून नख फिरवत ओठांतल्या ओठांत वाचलं. वासनिक. खोब्रागडे. गजभिये. मी त्यांच्या नखाकडे पाहत उभा होतो. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा वर आले.

"एकही टिंब नाही?" अगदी हळू विचारलं.

"नाही."

त्यांनी सेठजींच्या केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला होता. तब्येत ठीक नसावी. मग मध्येच भलतंच बोलले, "चांदेकर, माझ्या मंजिरीचं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात. मुलाकडचे लोक फार कर्मठ आहेत, कोण कोणाच्या पंगतीत जेवतो हेही बघतात. ब्राह्मणपाऱ्यात तर बोलायला निमित्तच पाहिजे लोकांना."

मी अभिनंदन केलं. अशा वेळी लेकीचं लग्न कुठून आठवलं त्यांना? वय झालं की माणूस असा भरकटतो. त्यांनी पेन उचललं, दोनदा झटकलं, आणि यादीच्या खाली 'देखा' लिहून सही केली. नजर खरंच गेली आहे त्यांची. नशीब माझं, नाहीतर आज संपलो होतो.

कागद घेऊन केबिनमध्ये गेलो. दार ते खुर्ची सात पावलं आहेत, मला ती चालल्याचं आठवत नाही. सेठजींनी यादी लांब धरली, वरून खाली पाहिलं, उलटून पाठीमागे पाहिलं.

"एक भी बिंदी नहीं, पंडितजी? इकत्तीस में एक भी नहीं?"

बाहेर भांड्याच्या दुकानात कोणी पितळेवर ठोकत होतं.  

"नहीं सेठजी," मी म्हणालो. "सब अच्छे घर के हैं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. मग त्यांनी सही केली आणि चहा मागवला.

जिना उतरून खाली आलो आणि एका भांडेवाल्याच्या पायरीवर बसलो. तो म्हणाला, "क्या हुआ भैया, पानी दूँ?" मी हव म्हटलं.

परवापासून ती सगळी मुलाखतीला येतील. कोणी गौतमसारखं खरं बोलेल. सेठजी मला बोलावतील. तेव्हा काय होईल मला माहीत नाही, आणि ही भीती आता काही जायची नाही. पण चौदा घरांतल्या चौदा आया मी डोळ्यांसमोर आणून पाहिल्या, आणि त्या घरांतलं एकही घर वाईट असेल असं मला वाटलं नाही. या नोकरीत लागल्यापासून सेठजींशी मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य आहे.